बत्तीस नंबरचं पिंप

डार्सी लिंडग्रेन आमच्या वाइनरीत आली त्याला तीन वर्षं झाली आणि तीन वर्षं मी तिच्यावर जळतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला साधीभोळी समजणार नाही. ती एकतीस वर्षांची, वाइनसाठी नावाजलेल्या बोर्दोमध्ये दोन हंगाम काढून आलेली, नाकीडोळी नीटस, आणि वर स्वभावाने चांगली. निदान स्वभाव तरी वाईट असायला हवा होता!

मी नॉर्मा ओंटिव्हेरोस. नापा खोऱ्यातल्या या वाइनरीत बावीस वर्षांपूर्वी पिंपं धुवायला लागले. आता तळघरातल्या एकेका पिंपाचा वास मला डोळे मिटून ओळखू येतो. मालक वेंडेल स्ट्राउब चौऱ्याहत्तर वर्षांचे. मोठ्या लाल वाइनच्या लेबलावर मागच्या बाजूला वाइन करणाऱ्याचं नाव असतं, तिथे आजवर त्यांचंच होतं. या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं, "मी थांबतो. नॉर्मा आणि डार्सी, दोघींनी एकेक मिश्रण करा. जिच्या मिश्रणाला कौल मिळेल तिचीच वाइन बाटलीत जाईल, नाव तिचं आणि खुर्चीही तिचीच."

ते नाव मला हवं होतं. भूक लागावी तसं हवं होतं.

महिनाभर मी मापाच्या नळ्या घेऊन बसले. कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची वाइन बहात्तर टक्के, मर्लो वीस, बाकी थोडं पेटी व्हर्डो, रंगासाठी. पिंपं दोघींना तीच होती. फक्त डार्सीने बत्तीस नंबरचं उचललं होतं. त्यात कॅबर्ने फ्रँक या वेगळ्या जातीच्या द्राक्षांची वाइन होती, दोन वर्षं कोपऱ्यात पडलेली. हिरव्या मिरचीसारखी लागते म्हणून मीच तिला बाजूला सारलं होतं.

चाखणी आमच्याकडे सकाळी दहाला होते, जीभ ताजी असते तेव्हा. बाहेर वेलींच्या ओळींमधून मोहरी पिवळीधमक फुलली होती. टेबलावर तीन बाटल्या, खाकी पिशव्यांत गुंडाळलेल्या. एक माझी, एक डार्सीची, एक गेल्या वर्षीची, तुलनेला. टेबलाभोवती आम्ही दोघी, वेंडेल आणि मळा सांभाळणारा हॉलिस. नियम एकच, आणि तो वेंडेलच्या वडिलांपासूनचा. सगळ्यांचे कागद लिहून उलटे होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कारण एकाने म्हटलं 'चेरी' की सगळ्यांना चेरीच लागते.

पहिली बाटली गेल्या वर्षीची. दुसरी माझी. माझं लेकरू मी गर्दीतही ओळखलं असतं. गोल, नीट, कुठे खोट नाही. मी खूश झाले.

मग तिसरी.

पेला नाकाशी नेला. आधी काळी चेरी, मग नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास, आणि मागून हळूच व्हायोलेटची फुलं. मिरची कुठेच नव्हती. घोट घेतला तर तुरटपणा रेशमी, आणि चाखणीच्या रीतीप्रमाणे थुंकून टाकल्यावरही चव कितीतरी वेळ जिभेवर. मी टाकून दिलेल्या पिंपातून या पोरीने हे काढलं होतं. माझी वाइन तिच्यापुढे शहाण्या मुलीसारखी गप्प बसली.

समोर हॉलिसचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. त्याची पेन्सिल कागदाकडे निघाली. आणि मी नाक मुरडून पुटपुटले, "तबेला."

एवढंच. पण आमच्या धंद्यात हा शब्द म्हणजे निकाल. पिंपात रानटी यीस्ट शिरलं की वाइनला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो, आणि ते बाटलीत गेलं की वाढतच जातं. हॉलिसने दचकून परत वास घेतला. कपाळाला आठी पडली. "आयला, खरंच की गं," तो म्हणाला. "थोडासा."

"नियम, नॉर्मा," वेंडेल म्हणाले, पण लिहिता लिहिता थांबले.

डार्सीने पेला परत उचलला. वास घेतला, पुन्हा घेतला. आपलं मिश्रण तिने ओळखलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तरी तिने कागदावर काहीतरी खोडलं. कागद उलटे झाले तेव्हा चारही जणांनी तिसऱ्या बाटलीला शेवटचा नंबर दिला होता. तिने स्वतःसुद्धा.

"लॅबला नमुना पाठवू या का?" तिने विचारलं.

"नॉर्माचं नाक असताना लॅब कशाला?" वेंडेल म्हणाले.

"तेही खरंच. अभिनंदन, नॉर्मा." तिने मला मिठी मारली. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, बाई गं, रड ना जरा! म्हणजे मला जिंकल्यासारखं तरी वाटेल.

दुपारी वेंडेलनी मला बोलावलं. टेबलावर ती तिसरी बाटली, अर्धी उरलेली. "दार लोटून घे," ते म्हणाले. "एक सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला, तेव्हापासून मला वास येत नाही. कॉफी आणि गरम पाणी सारखंच लागतं."

"काहीतरीच काय! दर चाखणीला तुम्ही..."

"दर चाखणीला मी तुझं तोंड बघतो. तू भुवई उचललीस की मी लिहितो छान. आज तू बोललीस म्हणून तिसरीला शेवटी टाकलं." त्यांनी पेल्यात वाइन ओतली आणि माझ्याकडे सरकवली. "पोरीने पहिल्यांदाच स्वतःचं मिश्रण केलं आणि मला त्याची चवच कळली नाही. कसं होतं ते सांग ना. सावकाश सांग."

मी थोडक्यात उरकणार होते. पण घोट घेतला आणि सुटलेच. चेरी सांगितली, पेन्सिल सांगितली, फुलं कुठून येतात ते सांगितलं. तुरटपणा आधी हिरड्यांना कसा धरतो आणि मग कसा सोडून देतो तेही सांगितलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मी बोलायची थांबले तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

"नॉर्मा," ते म्हणाले, "एवढं सगळं सांगितलंस. त्यात तबेला नाही आला."

मी पेला खाली ठेवला. कान गरम झाले.

तेवढ्यात दार ढकलून डार्सी आत आली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट भिजलेले. "नॉर्मा, बत्तीस नंबरचं पिंप मी रिकामं केलं," ती धापा टाकत म्हणाली. "सगळं मोरीत सोडून दिलं. शेजारच्या पिंपांना लागण झाली असती तर? बरं झालं गं, तू वेळेवर बोललीस."

वेंडेलनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्यावर भडकले असते, बावीस वर्षांचं गाऱ्हाणं काढलं असतं, आणि तेवढ्यात डार्सी निघूनही गेली असती.

"डार्सी," मी म्हटलं, "पिंपात काही नव्हतं."

"म्हणजे?"

"तबेला नव्हता. वाइन चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली. मला ती सहन झाली नाही."

ती हसायला लागली, मी थट्टा करतेय असं वाटून. मग तिने वेंडेलकडे पाहिलं, टेबलावरच्या अर्ध्या बाटलीकडे पाहिलं, आणि हसणं थांबलं.

"पण मलापण आला होता वास," ती हळूच म्हणाली. "तू म्हणालीस आणि मला आला."

ती खुर्चीवर बसली आणि ओले, लाल झालेले बूट काढायला लागली.