चकलांब्याच्या माळावरचा विमानतळ

चकलांब्याच्या माळावर विमानतळ आहे असं बाहेर सांगितलं तर लोक हसतात. हसोत बापडे. तीसेक वर्षांपूर्वी विजयसिंह मालकांनी तो स्वतःच्या जमिनीवर हौसेनं बांधून घेतला. घरच्या लग्नाला दिल्लीचे एक पुढारी विमानानं येणार होते. पुढारी आले, पण मोटारीनं, आणि तेही पंगती उठल्यावर. मालकांनी तो अपमान मरेपर्यंत जपला आणि धावपट्टी सरकारला देऊन टाकली.

तेव्हापासून पट्टीवर विमान सोडून सगळं झालं. मिरच्या वाळल्या, अख्खा गाव मोटारसायकल शिकला, आणि लग्नं तर इतकी लागली की मंडप म्हटलं की पट्टीच्या मधोमध, तोंड उगवतीला, हे ठरूनच गेलं. खरा हक्क मात्र धुळाजीच्या मेंढ्यांचा. पावसाचं पाणी पट्टीच्या दोन्ही कडांना उतरायचं, म्हणून तिथं गवत टिकायचं. बाकीचा माळ उसानं गिळलेला. ही कड गेली तर कळप विकण्यावाचून धुळाजीला गत्यंतर नव्हतं.

आणि एक दिवस सरपंच गहिनीनाथ आबांनी भोंग्यावरून सांगितलं, की पुण्याहून विमान चालवायला शिकवणारी मंडळी येणार आहेत. लहान विमान उतरवून बघतील, पट्टी पसंत पडली तर शाळा निघेल आणि चौफेर तारेचं कुंपण पडेल. गाव हरखून गेलं. धुळाजीनं मात्र बिरोबापुढं हात जोडले.

"देवा, इमानाला काय होऊ देऊ नको, आतल्या माणसाला बी न्हाई. फकस्त उतरू देऊ नको."

ठरल्या सकाळी मेंढ्या ओढ्याकडं घालवून धुळाजी पट्टीवर आला आणि बघतच राहिला. मधोमध झालरीचा मंडप, सतरंज्या, खुर्च्या, व्यासपीठ. पाहुण्यांचा सत्कार होता ना. धुळाजी भला माणूस. पोटावर पाय येत असतानाही तो आबांकडं गेला आणि विमान उतरणार कुठं म्हणून विचारलं.

"कावून? मधली तेवढी जागा घेतलीय," आबा म्हणाले. "दोन्हीकडनं मोकळीच हाय की."

विमानाला अख्खी पट्टी मोकळी लागते, हे धुळाजीनं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायचं पुण्य त्यानं सोडून दिलं.

विमान आलं. हलगी कडाडली, बायाबापड्यांनी पदर हलवले. विमानानं खाली येऊन एक घिरटी मारली, मग दुसरी. मंडपाचं कापड फडफडलं तसं आबांनी माईकवरून सांगितलं, की पाहुणे गावाला प्रदक्षिणा घालतायत. तिसऱ्या घिरटीनंतर पाहुणे पुण्याला निघून गेले. थोड्या वेळानं फोन आला. पट्टीवर बांधकाम झालंय, आम्ही शाळेसाठी दुसरीकडं जागा बघतो.

मंडपात कुणी कुणाकडं बघेना. धुळाजीला मात्र आनंदानं रडू फुटलं. ते आबांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, गावात विमानतळाची खरी कळकळ असलेला हा एकच माणूस. शाल, नारळ, फेटा तयारच होता. त्यांनी धुळाजीला व्यासपीठावर ओढलं, फेटा बांधला आणि भाषण ठोकलं, की इतकी वर्षं ऊनपावसात हा माणूस या पट्टीवर पहारा देत आला. आजपासून धुळाजीराव विमानतळाचे राखणदार. पुन्हा विमान येईस्तोवर इथं एकही जनावर फिरकता कामा नये, जबाबदारी त्यांची. टाळ्यांचा कडकडाट झाला. गडबडीत धुळाजीनंही वाजवल्या, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

घरी येऊन तो फेट्यासकट खाटेवर कोसळला. देवानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं त्यानं बायकोला, साखराबाईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून विचारलं,

"राखण करायला रोज जावं लागंल न्हवं?"

"लागंल की."

"मग मेंढ्या कुणाच्या जिवावर सोडून जाणार? संगं न्याव्याच लागतील."

धुळाजी उठून बसला. हल्ली चकलांब्याच्या विमानतळावर बंदोबस्त कडक आहे. परक्याचं एक शेरडूही धुळाजी आत येऊ देत नाही.