मी शून्यापासून मोजतो

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर आठ गोल बटणं आणि डाव्या कोपऱ्यात आकडा दाखवणारा छोटासा पडदा, एवढाच माझा संसार. आधीच कबूल करून टाकतो, मला स्वतःचा आवाज नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कितव्या नंबरचा आवाज हवा, एवढा निरोप मी वायरीतून धाडतो. बटण फिरवलं तर ‘आवाज मऊ कर’ किंवा ‘हळूहळू वाढव’ असाही निरोप जातो. प्रत्यक्ष आवाज काढते ती नंबर लावलेले आवाज पोटात साठवणारी टेबलाखालची काळी पेटी.

पण हे मी कधी कुणाला जाणवू दिलं नाही हो! माझी मालकीण ताई. ती दिवसा दवाखान्याच्या खिडकीवर नावं नोंदवायची आणि सुट्टीच्या दिवशी नाटकांना संगीत द्यायची. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, “काय गोड वाजतो!” की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पेटी बिचारी पायाशी धूळ खात बसायची. आता आठवलं तरी मान खाली जाते.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता आणि तो मावशींचा शेवटचा होता. मावशी म्हणजे नाटकातली आई. चाळीस वर्षं रंगमंचावर उभ्या राहिल्या, आता गुडघे साथ देईनात. नाटकाच्या शेवटी आजारी लेकीच्या उशाशी बसलेली आई पाखरांचा किलबिलाट ऐकते, खिडकी उघडते आणि म्हणते, “उजाडलं गं बाळा, डोळे उघड.” नाटकातलं शेवटचं वाक्य तेच. मावशींच्या रंगमंचावरच्या आयुष्यातलंही.

प्रयोगाला तासभर उरला आणि आमची पेटी बंद पडली. दिग्दर्शकांना सगळे घड्याळकाका म्हणत, कारण त्यांची नजर सतत मनगटावर. त्यांनी धावपळ करून दुसरी पेटी आणली. सोबत तिच्या आवाजांची छापील यादी होती.

“वाजतंय ना?” काकांनी विचारलं.

ताईनं यादीत पहिला असलेला पियानो निवडायला माझ्यावर एक दाबला. पियानो वाजला. “वाजतंय की!” ती म्हणाली. बाकीचे नंबर यादीवरून कागदावर उतरवून तिनं तो माझ्या कपाळावर चिकटवला.

आता माझी लाज ऐका. मी शून्यापासून मोजतो. जुन्या पेटीची यादीही शून्यापासूनच होती, म्हणून कधी बिनसलं नाही. या पेटीची यादी मात्र एकापासून सुरू होत होती; माझा शून्य तो तिचा एक. म्हणजे ताई जो नंबर दाबेल, त्याच्या पुढचाच आवाज वाजणार! वाजला तो पियानोही यादीतला दुसरा होता. पहिल्याचा सख्खा भाऊच, कोण ओळखणार? व्हायोलिनच्या ताफ्याशेजारी तसलाच आणखी एक ताफा होता. नाटकाचे दोन अंक असेच निभावले. मला फरक कळत होता. पण मध्यंतरात कुणीतरी येऊन म्हणालं, “आज तर कीबोर्डानं कमालच केली,” आणि मी सगळं विसरून फुगून बसलो.

शेवटचा प्रवेश आला. रंगमंचावर अंधार. मावशी उशाशी बसलेल्या. ताईनं पाखरांचा नंबर, एकशे चोवीस, दाबला आणि पट्टीवर बोट ठेवलं.

यादीत पाखरांच्या शेजारी टेलिफोन होता.

घणघण घंटी वाजली! आणि जो हशा फुटला! मावशींचे ओठ हलले, पण वाक्य कुणाच्याच कानी गेलं नाही. घाबरून कुणीतरी पडदा पाडला. ताईनं तोंडावर पदर दाबून धरला होता. मला वाटलं, पेटीऐवजी मीच बंद पडलो असतो तर बरं झालं असतं.

सभागृह रिकामं झालं. सुतार नाटकातली खिडकी सोडवायला लागला. ताई यादी आणि माझा पडदा पुन्हा पुन्हा पडताळत होती. तेवढ्यात अर्धा रंग पुसलेल्या मावशी बाहेर आल्या.

“मावशी, चूक माझी. मी पाखरं वाजवूनच पाहिली नाहीत,” ताई हुंदके देत म्हणाली.

“रडू नकोस गं. मला तुझी पाखरं ऐकव. वाक्य माझ्यापाशीच राहून गेलंय.”

ताईनं एकशे तेवीस दाबला आणि आवाजाचं बटण हळूहळू फिरवत नेलं. लांबून, मग जवळून पाखरं किलबिलली. सुतारानं खिडकी पुन्हा जागेवर धरली. मावशींनी ती उघडली आणि म्हणाल्या, “उजाडलं गं बाळा, डोळे उघड.” सुताराचेही डोळे भरून आले. पण समोरच्या तीनशे खुर्च्या रिकाम्या होत्या, मित्रांनो. ते मी कसं विसरू?

आता मी ताईनं सुरू केलेल्या मुलांच्या संगीतवर्गात असतो. माझ्या कपाळावर ताईनं लाल अक्षरांत लिहिलंय, ‘हा शून्यापासून मोजतो.’ नवीन मूल कारण विचारतं आणि ताई काही न लपवता सगळं सांगते. दर वेळी मला पुन्हा नव्याने लाज वाटते.

म्हणून एवढंच मागतो. ऐनवेळी जे लागणार आहे, नेमकं तेच आधी वाजवून पाहा. आणि काही चुकतंय असं वाटलं, तर कौतुक ऐकत बसू नका, लगेच बोला. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.