पट्ट्यावरची जाळी

"तुमच्याकडचं कोणी जखमी आहे का, कालिंदीबाई?" कामगार अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि बाईंनी हातातली कपबशी हळूच टेबलावर ठेवली.

परळच्या सरकारी कचेरीत मालकांच्या सल्लागार समितीची बैठक चालली होती. आसपासच्या छोट्या कारखान्यांचे मालक दर महिन्याला आपणहून, मानधन न घेता इथे जमत. गिरणीतून कमी झालेल्या माणसांना कुठे लावून घेता येईल, नवशिक्यांना कोण हाताखाली घेईल, हे सरकारी अधिकाऱ्यांबरोबर बसून ठरवत. कालिंदीबाईंचा नवरा या समितीत होता. गिरण्यांना सूत गुंडाळायला लागणाऱ्या लाकडी बॉबिनी तो बनवायचा. तो गेल्यावर कारखाना बाईंकडे आला आणि समितीतली खुर्चीही. इतर मालक त्यांना चहा सर्वांआधी विचारत आणि मत सर्वांत शेवटी.

पण हा छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे रेडिओवर ऐकल्यापासून लालबाग-परळ पेटलं होतं. गोळीबार झाले होते. आज बैठकीत रोजगाराचा विषय निघालाच नाही. अधिकारी म्हणाले, गोळी लागलेली काही माणसं पोलिसांच्या भीतीने इस्पितळात न जाता लपून राहिली आहेत. ती ज्यांच्या कामावरची असतील त्यांनी कळवावं, सरकारला एवढी मदत समितीने करायलाच हवी. कोणी मान वर केली नाही. मग ते एकेकाला नाव घेऊन विचारू लागले.

बाईंचा कामगार शिवा त्यांच्याच कारखान्याच्या माळ्यावर, भुशाच्या पोत्यांआड पडून होता. गोळी उजव्या मनगटातून आरपार गेली होती. त्याची बायको शेवंती जेवणाच्या डब्याखाली स्वच्छ फडकी लपवून आणायची. गल्लीत पोलिसांची गाडी थांबली की खाली काम करणारी सगळी माणसं उगाचच जोरजोरात ठोकाठोक करत, वरचं कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून.

बैठकीत बाई नाही म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचे हेमचंद्रशेठ सहज बोलून गेले, की शिवा अलीकडे दिसला नाही. त्यांच्या मनात वाईट काही नसावं. पण अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली.

"त्याचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला," बाई म्हणाल्या. "पट्ट्यावर जाळी नव्हती."

अपघात झाला तर कळवला का नाही, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, घाबरले. तेवढंच एक खरं होतं. अधिकारी म्हणाले, उद्या येऊन बघतो.

जाळी तर होती. नवऱ्याने स्वतः तार विणून, पट्टी ठोकून बसवली होती, आणि ती असताना तिथे कुणाचं बोटही सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कारखाना उघडल्याबरोबर बाईंनी पाना घेतला आणि जाळीचे नट स्वतःच्या हाताने सोडले. एक नट गंजला होता. तो सुटेना तेव्हा त्यांना रडू फुटलं. माणसं बघत उभी राहिली, पण पाना कुणी मागितला नाही.

अधिकारी एका हवालदाराला घेऊन आले. शिवाला खाली स्टुलावर बसवलं होतं. ताप होता, आणि काय सांगायचं ते त्याला पढवलेलं होतं. अधिकाऱ्यांनी उघडा पट्टा पाहिला, पुली पाहिली, मग शिवासमोर वाकून मनगटावरच्या फडक्याच्या गाठीला हात घातला. बाईंना वाटलं, आता संपलं.

"सोडा सायेब," शिवा म्हणाला. "पन आत सडलंय. वास येईल."

वास आधीच येत होता. अधिकाऱ्यांनी हात मागे घेतला, रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, चूक कुणाची? शिवा खाली बघत राहिला. एवढं कुणी त्याला पढवलं नव्हतं.

"माझी," बाई म्हणाल्या.

त्यांना दंड झाला. समितीतून काढलं. ते त्यांनी सोसलं. पण गोष्ट चाळीचाळीतून पसरली, की बॉबिनवाल्या बाईने चार पैसे वाचवायला जाळी लावली नाही आणि शिवाचा हात खाल्ला. ज्यांना खरं माहीत होतं त्यांनी शिवासाठी तोंड मिटून घेतलं. नवीन माणूस त्यांच्याकडे कामाला येईना. नळावर बायका त्यांना वाट करून देत आणि बोलणं थांबवत. बाईंनी जाळी पुन्हा बसवली होती, पण ती बघायला कोण आत येणार? शिवाचा हात बरा झाला तो वाकडाच. उजवी मूठ पुन्हा मिटली नाही.

चार वर्षांनी महाराष्ट्राचं राज्य झालं, त्या मे महिन्यात परळच्या एका मैदानात गोळीबारातल्या जखमींना हार घातले. एकेकाचं नाव पुकारत होते. शिवा गर्दीत मागे उभा होता. त्याचं नाव येणार नव्हतं. बाई त्याला शोधत त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "जा ना पुढे. आता कसली भीती? खरं ते सांगून टाक."

शिवाने मान हलवली. मग म्हणाला, "सायबासमोर तुमी सोताच्या तोंडानं कबूल केलंय, बाई. मी आज खरं बोललो, तर खोटं सांगितलं म्हनून ते पुन्यांदा तुमच्या दारात येतील."

"येऊ देत."

"नको," तो म्हणाला. "मला ठावं हाय. शेवंतीला ठावं हाय. बास झालं."

व्यासपीठावर पुढचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या. शिवाने वाकडा उजवा हात उचलला, डाव्या तळव्यावर हलकेच आपटला. आवाज झाला नाही. तरी शेवटच्या माणसाला हार पडेपर्यंत तो टाळ्या वाजवत राहिला, आणि बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या.