सगळ्यांनी उचललेला आकडा

माझ्या बायकोचे शोधनिबंध साठ आहेत, पण नाव चालतं ते एकावर. एक रंगद्रव्य आहे. त्यावर प्रकाश टाकला की ते चमकतं आणि विझतं. विझायला किती वेळ लागतो, ते तिने तरुणपणी मोजलं. जगभरचे लोक आपली यंत्रं तिच्या आकड्याशी ताडून बघतात आणि शेवटी तिचा संदर्भ देतात. असे संदर्भ दोन हजारांवर गेलेत. उरलेल्या एकोणसाठ निबंधांचे मिळून पाचशेही नाहीत. मी शाळेत गणित शिकवतो, पण हा हिशेब शिकलो तो जेवणाच्या टेबलावर.

त्या दिवशी चार वाजता प्राध्यापकपदाची मुलाखत होती. तिच्या वयाला ही शेवटची संधी. मी इस्त्रीचा कोट घेऊन प्रयोगशाळेत पोचलो, तर बाईसाहेब यंत्रासमोर उभ्या आणि खिडकीपाशी त्यांची विद्यार्थिनी डोळे पुसत होती. तिला सगळे छोटी म्हणतात.

"काय झालं?"

"हिलाच विचार," बायको म्हणाली.

छोटी खाली बघूनच बोलली. "नवीन धातूची नळी लावली की माझा आकडा मॅडमच्या आकड्यापेक्षा मोठा यायचा. मॅडम दोनदा रागावल्या. मग मी कपाटातली जुनी प्लास्टिकची नळी लावली. लगेच जुळला."

"आणि मी हिला शाबासकी दिली," बायको म्हणाली. "आज ती नळी नजरेला पडली."

मला कळेना, नळीचं एवढं काय. तिने सांगितलं. रंगद्रव्याच्या द्रावणात ऑक्सिजन असला की चमक लवकर विझते, म्हणून आधी नळीतून नायट्रोजन सोडून तो हाकलायचा. पण प्लास्टिकच्या नळीतून बाहेरची हवा हळूहळू आत झिरपते. म्हणजे नको असलेल्या पाहुण्याला पुढच्या दाराने घालवायचं आणि मागच्या दाराने आत घ्यायचं.

"तुझ्या वेळी कुठली नळी होती?"

"हीच. सकाळपासून दोन्ही लावून मोजतेय. माझा आकडा चुकलाय. थोडाथोडका नाही, पाचव्या हिश्श्याने."

मी घड्याळ पाहिलं. तीनला अजून दहा मिनिटं होती. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचा राग आला. नेमका आजचाच मुहूर्त मिळाला हिला.

"हे बघ," मी म्हटलं, "चारला मुलाखत दे, पाचला जगाला सांग. दोन हजार लोक इतकी वर्षं थांबले, अजून दोन तास थांबतील. कुणाचं काय अडलंय?"

"आत पहिला प्रश्न ह्याच आकड्याचा असणार. मी काय सांगू?"

"छापलंय ते सांग."

 ती खुर्ची ओढून संगणकावर, तो निबंध छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना चूक कळवणारं पत्र लिहायला बसली. निवड समितीलाही प्रत लावली. मी कळफलकावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या कामात कधी हात घातला नव्हता.

"हात काढ," ती म्हणाली.

"घरी बसून पस्तावशील."

"हात काढ. ह्या पोरीने मला खूश करायला खरा आकडा टाकून दिला. हिच्यासारख्या किती जणांनी टाकला असेल, सांग मला."

 मी हात काढला. पत्र गेलं. तिने कोट चढवला आणि छोटीला म्हणाली, "तोंड धू आणि पुन्हा धातूची नळी लाव."

मी समितीच्या दालनाबाहेर बाकावर बसलो. आतून आवाज येत नव्हता. मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या, अन् लगेच तिची काळजीही वाटली. शिपायाने दोनदा पाणी विचारलं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेली ना खुर्ची?"

"गेली."

"खूप बोलले?"

"नाही. एक म्हातारे सर आहेत, बाहेरच्या विद्यापीठाचे. त्यांनी एवढंच विचारलं, धातूच्या नळीने नेमका किती येतो? मी सांगितला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला." ती माझ्या शेजारी बसली. "म्हणाले, माझ्या हाताखाली संशोधनाला एक मुलगा होता. त्याला दर वेळी हाच आकडा यायचा. मी त्याला म्हटलं, तुला हे काम जमणार नाही. तो सोडून गेला."

"कुठे असतो आता?"

"मीही तेच विचारलं. त्यांना माहीत नाही."

आतापर्यंत मला फक्त खुर्ची दिसत होती. आता मला स्वतःची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ह्यात तुझा काय दोष? घालवलं त्यांनी."

"का घालवलं? माझ्या आकड्याशी जुळेना म्हणून." तिने कोटाची बटणं सोडली. "आणि त्यानंतर त्यांनी तीन ठिकाणी माझा संदर्भ दिलाय. माझ्या दोन हजारांत ते तीनही आहेत."