सील न तुटलेला डबा

आत्याच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपामागे मला तो डबा सापडला आणि माझं डोकंच फिरलं. स्टीव्हियाचा डबा, साखरेऐवजी घालायची ती गोड पावडर! मीच ऑनलाइन मागवलेला. चार दिवसांआधी अधारतालच्या आमच्या घरून गढ्यापर्यंत ई-रिक्षात मांडीवर धरून मीच आणून दिलेला. झाकण काढलं तर आतलं चंदेरी सील जसंच्या तसं. त्याला नखसुद्धा लागलं नव्हतं.

मग काल आईने खाल्लेलं पुरण कशाचं होतं?

थांबा, आधीपासून सांगते. नाहीतर तुम्हीही बाबांसारखं म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी पोरगी काहून ओरडून राहिली.

श्रावणात आईची शुगर निघाली. उपाशीपोटी दोनशे अडतीस. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने दिले. भात, पोळी, साखर, गूळ बंद, गोळी रोज. तीन महिन्यांत नाही उतरली तर इन्सुलिन. आई घरी आली आणि पलंगावर बसून आपल्या पायाची बोटं बघत राहिली. तिच्या आईचा अंगठा शुगरपायी कापावा लागला होता, आणि त्या सगळ्याची सुरुवात सुईने झाली हे आईच्या डोक्यात पक्कं बसलंय. तसं नसतं हे मी तिला दहा वेळा समजावलं. पण भीती काय समजावून जाते?

म्हणून मी कामाला लागले. मी अकरावीत आहे, आणि यंदा शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून मला कोणाशीही बोलायची भीती वाटत नाही. पहिल्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याशी भांडले. त्याने 'शुगर फ्री' म्हणून दिलेल्या लाडवांत नुसता खजूर होता. म्हटलं, "भैया, खजूर में क्या नमक होता है?" दुकानातली सगळी माणसं हसली, तोसुद्धा हसला, पण पैसे परत दिले.

स्टीव्हियाची पहिली खीर मी केली ती दुधीची. साखर जेवढी घालतात तेवढीच पावडर घातली, दोन चमचे. बाप रे! कडूजहर. आई एक चमचा खाऊन म्हणाली, "गीतू, हे कारल्याचं आहे का गं?" मग कळलं की चिमूटभर पुरते. चहाला तर अर्धीच चिमूट. चव मागून येते, ज्येष्ठमध चघळल्यासारखी, आणि घशात रेंगाळते. आईला ती मुळीच आवडली नाही. तरी तीन आठवडे तिने तोच चहा प्यायला. बाबा तिच्यासमोर बसून खोव्याची जलेबी खात होते, तेव्हाही. आणि आकडा उतरला! एकशे एकतीस. मी फ्रिजवर कागद चिकटवून लाल पेनने लिहिला.

मग महालक्ष्म्या आल्या.

महालक्ष्म्या इंदिराआत्याकडे बसतात, गढ्याच्या घरी. आत्या बाबांची मोठी बहीण. पूजेच्या दिवशी आई तिथली सवाष्ण असते, गेली अठरा वर्षं. पुरण फक्त आत्या शिजवते, सोवळ्यात, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत ते कोणी चाखायचं नाही. म्हणून मी आधीच डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, साखर-गूळ नसेल तर सणाची एक लहान पोळी चालेल, डाळ-कणीक मोजून. मी डबा घेऊन आत्याकडे गेले, चिमूट किती ते कागदावर लिहून दिलं. आत्याने माझ्या गालावरून हात फिरवला. "माझी हुशार लेक! ठेव इथं. विनताचं पुरण मी वेगळं शिजवते."

काल आत्याने आईच्या पानात पोळी वाढली, वरून तूप. "हे तुझं पावडरवालं आहे बरं का विनता. खा पोटभर." आईने एक खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. एकच ठरली होती, पण सवाष्णींच्या पंगतीत मी वाढत होते, मला कोणी बोलू दिलं नाही. संध्याकाळी आईला गरगरायला लागलं. मी मशीन काढली, बोट टोचलं.

तीनशे अठरा.

मला वाटलं माझंच गणित चुकलं. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या. आणि आज विसर्जनाच्या जेवणासाठी तांदूळ काढायला गेले तर हा डबा!

"आत्या, हे काय आहे?"

आत्या करंज्या तळत होती. "ठेव ते. उष्टे हात नको लावू इकडं."

"सील का नाही फोडलं?"

"अच्छा, ते होय!" तिने झाऱ्याने करंजी उलटली. "अगं माय, लक्ष्म्यांपुढं का ती केमिकलची भुकटी ठेवू? वर्षातून एकदा माहेरी येतात त्या."

"लक्ष्म्यांचं तर वेगळं होतं. आईचं तू वेगळं शिजवणार होतीस."

"एका नैवेद्याची दोन दोन पुरणं होतात का कुठं? आणि मी साखर टाकली का? गूळ टाकला, चांगला काळा गूळ. गूळ तर औषध असते."

"तीनशे अठरा झाली शुगर तुझ्या औषधाने!"

"तुझी मशीनच खराब असन."

"मग सांगायचं तरी होतं! तू तोंडावर खोटं बोललीस तिला. पावडरवालं आहे म्हणालीस!"

आत्याने गॅस बारीक केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगितलं असतं तर खाल्लं असतं का तिनं? माझ्या दारातून सवाष्ण उपाशी उठली असती."

म्हणजे तिला माहीत होतं! आई खाणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. मला इतका राग आला की वादविवादातले सगळे मुद्दे उडून गेले, नुसता आवाज उरला. बाबा बैठकीतून धावत आले. "गीतू, आवाज खाली. सणाचा दिवस आहे. एका दिवसाने काय होते?"

"बाबा, तुमचं बीपी वाढलं तेव्हा आपण सगळ्यांनी दोन वर्षं अळणी वरण खाल्लं. एका दिवसासाठी तरी आईने मीठ घातलं का? दिवाळीला तरी?"



"मला माहीत होतं."

दारात आई होती. हातात केळीची पानं.

"काय माहीत होतं?"

"गूळ आहे ते. पहिल्याच घासाला कळलं. तुझ्या पावडरीची चव मागून येते ना, ती आलीच नाही."

मला तो डबा भिंतीवर फेकून मारावासा वाटला. "मग थुंकून का नाही टाकलंस?"

"भरल्या पानावरून सवाष्ण उठत नाही गीतू."

"आणि दुसरी पोळी?"

"ताईंनी वाढली."

"आणि तिसरी?"

आई पानांवरचं पाणी पुसत राहिली. मग म्हणाली, "तिसरी मी मागून घेतली. आवडली मला. महिना झाला होता काही गोड लागून."

मी तिच्यावरही चिडले होते, आणि तिला मिठीही मारायची होती, आणि दोन्ही जमलं नाही.

"तिसरीचा दोष माझा," आई आत्याकडे वळली. "पण पहिलीचा नाही ताई. तुम्ही मला सांगितलं असतं तर पहिलीलाच मी नको म्हटलं असतं. म्हणूनच नाही सांगितलं ना?"

आत्याने गॅस पुन्हा मोठा केला.

दुपारी पानं मांडली. दहीभात, मेथीची भाजी, कोशिंबीर, करंज्या आणि कालच्या पुरणाच्या गरम गरम पोळ्या. आमच्यात वाढण्याची रीत अशी की दोनदा 'नको' म्हटलेलं ऐकायचंच नाही, तिसऱ्यांदा वाढायचंच. आत्या तव्यावरची पोळी उलथन्यावर घेऊन आली. आईने पानावर हात आडवा धरला.

"अर्धी घे विनता. विसर्जनाचा प्रसाद आहे."

"नको ताई."

"एवढीशी."

"नको."

आणि आत्याने, सवयीने की रागाने कोण जाणे, पोळी सोडली. ती आईच्या हातावर पडली. वाफ निघत होती. तूप बोटांमधून पानावर ठिबकलं. मी ओरडणार होते, बाबा अर्धे उठले होते.

आईने हात हलवला नाही.

"उचला ताई," ती म्हणाली. आवाज एवढासाही चढला नव्हता.

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "उचल ना ताई, हात भाजून राहिला तिचा."

आत्याने पोळी उचलली. आईच्या हाताच्या मागच्या बाजूला लालभडक चट्टा उठला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, पण तिने लगेच हात बाजूला केला नाही. आत्या वाढत वाढत पंगतीच्या शेवटापर्यंत जाईस्तोवर तो पानावर तसाच आडवा होता. मग तिने तांब्याच्या पाण्यात हात बुडवला आणि दुसऱ्या हाताने मेथीची भाजी खायला घेतली.