पाठ झालेला तक्ता

दोन्ही सरकारी विद्यापीठांची उत्तरं एकाच दुपारी आली आणि दोन्हींचंही म्हणणं एकच होतं : तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. खारूने मोबाइल काउंटरवर पालथा घातला, उलटा केला, पुन्हा वाचलं. अक्षरं बदलली नव्हती.

"काय म्हणतात?" मागच्या खोलीतून मामाचा आवाज आला. काच घासायच्या चाकाची घरघर थांबली होती. मामाने चाक थांबवलं म्हणजे प्रश्न गंभीर.

"हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत."

"म्हणजे दारात उभं केलंय. या नाही, बसा नाही, चालते व्हा नाही."

लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून ती खारू. आता तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, म्हणजे दगड. घरचा धंदा चष्म्यांचा. दुकानाच्या पुढच्या भागात आई डोळे तपासायची, मागे मामा, आईचा धाकटा भाऊ, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. शाळा सुटली की खारू दप्तरासकट मागे जाऊन बसे, त्यामुळे काच कशी धरायची, पाणी किती सोडायचं, हात कुठे हलका करायचा हे तिच्या बोटांना केव्हाच कळलं होतं.

पहिल्या पसंतीच्या विद्यापीठात तिला मामाच घेऊन गेला होता, ती दहा वर्षांची असताना. तिथल्या कुणा प्राध्यापकांचा चष्मा पोचवायचा होता. घड्याळाचा मनोरा, कमानींची रांग, ग्रंथालयाचा गोल जिना, आणि जिन्याखाली काचेच्या कपाटात ठेवलेला जांभळ्या स्फटिकांचा भलामोठा दगड. त्या दिवसापासून मामाने दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं, "आमची खारू तिथे जाणार."

आता ती यादीत लोंबकळत होती. हातात दोन जागा होत्या. एक, गावातलंच खाजगी कॉलेज. इमारत अख्खी काचेची, फी ऐकून डोळे पांढरे व्हावेत, आणि दगडांचा विषय भूगोलाच्या पोटात कुठेतरी दडपलेला. दुसरं, बसने तीन तासांवरच्या लहान गावातलं कॉलेज, जिथे तिने अर्ज केला होता तो निव्वळ रकाना रिकामा राहू नये म्हणून. त्या लहान कॉलेजला सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

पुढचे चार दिवस दुकानात नंबर काढायला आलेल्या प्रत्येकाने सल्लाही देऊन ठेवला. बसचे एक निवृत्त ड्रायव्हर तपासणीची जड गोल फ्रेम नाकावर चढवून खुर्चीत बसले होते. आई काचा बदलत होती.

"हे स्पष्ट की हे?"

"पहिलं. पण डॉक्टरबाई, मी म्हणतो पोरीनं थांबावं. थांबला तो पोचला."

"तुम्ही कधी थांबत होता स्टॉपवर?" मामा आतून ओरडला. "आम्ही धावत यायचो आणि तुमची गाडी पुढे!"

"तेव्हा गाडी वेळेवर होती रे! हे आता धूसर झालं, बाई."

"मी काच काढलीय," आई म्हणाली. "तुम्ही बोलण्यात होता."

आईने मात्र स्वतःचं मत दिलं नाही. ती एवढंच म्हणाली, "शनिवारी त्या लहान कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं आहे. बघून येऊ. न बघता नंबर काढत नाही मी."

"उगीच कशाला, ताई?" मामा म्हणाला. "यादी सरकेल."

"सरकू दे की. आम्ही काय तिला धरून ठेवलंय?"

शनिवारी दोघी गेल्या. कॉलेज पाहून खारूचा चेहरा पडला. दोन बैठ्या इमारती, मध्ये सायकलींचा मांडव, मनोरा नाही, कमान नाही. भिंतीवरचं घड्याळ होतं, ते मागे पडलेलं. दगडांचा विभाग टोकाच्या खोलीत होता आणि तिथून घरघर ऐकू येत होती. ती घरघर ओळखीची वाटली म्हणून खारूचे पाय आपोआप भरभर पडू लागले.

आत बाह्या सरसावलेल्या, कोपरापर्यंत राखाडी चिखलाने माखलेल्या एक बाई होत्या. खारूला वाटलं, या सफाईला असतील. त्या विभागप्रमुख निघाल्या.

"हात लावायचाय की नुसतं बघायचंय?" त्यांनी विचारलं.

"हात लावायचाय," खारू म्हणाली.

बाईंनी तिच्या हातात काचेची एक पट्टी दिली. पट्टीवर ग्रॅनाइटचा पातळ काप चिकटवला होता. त्यांनी सांगितलं, हा काप केसाहून पातळ घासायचा, म्हणजे दगडातून उजेड आरपार जातो. बारीक पूड, थोडं पाणी, खाली सपाट काच. खारूने पट्टी बोटांच्या टोकांनी धरली आणि मामासारखा आठाचा आकडा गिरवायला लागली. बाई दुसऱ्या मुलाला काही सांगत होत्या, त्या मध्येच थांबल्या.

"हे कुठे शिकलीस?"

"मामाकडे. चष्म्याच्या काचा."

"आमच्याकडे हे पहिल्याच आठवड्यात सुरू होतं. निम्मी मुलं पहिल्या महिन्यात काचा फोडतात. तू मला परवडशील."

मग पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. बाईंनी कापाच्या वर आणि खाली एकेक खास काच सरकवली. खारूने त्या लगेच ओळखल्या. दुकानात चकाकी अडवणाऱ्या गॉगलला असतात तशा. दोन एकमेकींवर आडव्या धरल्या की सगळं काळं होतं, गिऱ्हाइकांना ही गंमत तीच करून दाखवायची.

"आता काळोख होणार," ती म्हणाली आणि डोळा लावला.

काळोख झाला नाही. राखाडी, पांढरे, पिवळे दाणे एकमेकांत गच्च बसलेले, एका दाण्यावर झेब्र्यासारखे पट्टे, आणि कडेला निळ्याजांभळ्या रंगाचा असा भडका, की ती "आई गं!" म्हणून मागेच सरली. बाईंनी खालची चकती फिरवली. दाणे एकेक करून विझले, पुन्हा पेटले. पायरीवर बसतो, फरशी म्हणून तुडवतो, तो दगड हा!

"आई, बघ! नाही, थांब, मी आधी एकदा. बरं, बघ. बघितलंस? सर आता!"

आईने डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. खारूला तिला अक्षरशः कोपराने ढकलावं लागलं.

"कडेला एवढे रंग दिसतात ते चुकलंय म्हणून," बाई म्हणाल्या. "तिथे अजून जाड राहिलाय. पण पट्टी घेऊन जा. पहिली आहे."

परतीच्या बसमध्ये खारू खिडकीशी बसून पट्टी उजेडात धरत होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. यादी सरकली होती. मनोऱ्याचं, कमानींचं, जिन्याचं विद्यापीठ तिला जागा देत होतं. उत्तर उद्या दुपारी बारापर्यंत हवं होतं.

ती इतक्या जोरात ओरडली, की पुढच्या सीटवरचं झोपलेलं बाळ जागं झालं. मग बाळाच्या आईची माफी मागताना तिच्या लक्षात आलं, की आपला डावा हात पट्टी सोडायला तयार नाही.

दुकानात मामाला आधीच कळवलं होतं. त्याचा अर्ध्या गल्लीला चहा पाजून झाला होता. "सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही? कळवलंस का होकार?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे? अगं, लक्ष्मी दारात आलीय नि तू तिला पत्ता विचारतेस?"

"मामा, तिथे दगड घासायला तिसऱ्या वर्षी मिळतात. मी बसमध्ये अभ्यासक्रम वाचला. त्या लहान कॉलेजात पहिल्या आठवड्यापासून..."

"दोन वर्षं थांबायचं म्हणजे काय गं! नाव बघ, नाव!"

"तू गप्प बस जरा," आई म्हणाली. तिने बाहेरचं दार लोटलं आणि तपासणीच्या खुर्चीकडे हात केला. "बस."

खारू बसली. या खुर्चीत तिची तपासणी कधीच नीट होत नसे. समोरचा अक्षरांचा तक्ता तिला चौथीपासून पाठ होता, शेवटच्या ओळीसकट, डोळे मिटूनसुद्धा. म्हणून आई तिला नेहमी रस्त्यापलीकडच्या लाँड्रीची पाटी वाचायला लावायची. लाँड्रीवाला दर आठवड्याला खडूने नवा मजकूर लिही.

"विचार करायचा नाही," आई म्हणाली. गिऱ्हाइकांनाही ती हेच सांगे. "दिसतं ते बोलायचं. विद्यापीठ. काय दिसतं?"

"घड्याळाचा मनोरा, कमानींची रांग, ग्रंथालयाचा गोल जिना, जिन्याखाली कपाट, कपाटात जांभळा..." आणि ती अडखळली.

"लहान कॉलेज."

"ते घड्याळ मागे आहे. बाईंच्या कोपराला चिखल होता. एक मुलगा बोट कापून बसला होता नि हसत होता. नळाला गळती आहे, त्याखाली त्यांनी बादली ठेवलीय, तेच पाणी घासायला घेतात. आणि तो पट्ट्यापट्ट्यांचा दाणा, आई, त्याला काय म्हणतात हे मी विचारलंच नाही! आणि चकती फिरवली की विझतो तो का विझतो? आपल्या गॉगलमध्ये तर..."

ती थांबली. आई हाताची घडी घालून उभी होती.

"पहिला तक्ता मला पाठ आहे," खारू हळूच म्हणाली.

"मी काही म्हणाले का?"

मामा मागच्या खोलीच्या दारात उभा होता. तक्ता पाठ करून घेणारा तोच होता, आणि हे त्याला कळायला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने उगाचच गळ्यातल्या कापडाने हात पुसले.

"मी लोकांना काय सांगू आता?" तो म्हणाला.

"सांग, तिने विद्यापीठाला यादीत टाकलं," खारू म्हणाली.

मामाला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. खारूने मोबाइल उचलला. लहान कॉलेजला होकार गेला. मग विद्यापीठाच्या पानावर तिचं बोट क्षणभर तरंगलं, आणि तिने 'नको' दाबलं. यादीत तिच्या मागे कुणीतरी असणार. त्याच्या घरी आता मोबाइल वाजेल, तेही असंच किंचाळेल, कुणाचं तरी बाळ जागं होईल.

"आण इकडे," मामाने हात पुढे केला. "काय दगड घासलास ते बघू."

तिने पट्टी दिली. मामाने ती दिव्याखाली धरली, डोळा बारीक केला, मग अंगठा कापावरून अलगद फिरवत कडेपाशी आला आणि तिथेच थांबला.

"ही कडा कुणी घासली?"

"मी."

"जाड आहे."

"बाईही तेच म्हणाल्या."

"असं?" मामाने पट्टी पुन्हा उजेडात धरली. त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "मग त्या बाईला कळतंय. जा तिकडेच."

मग चाक सुरू करायला तो आत वळला, आणि दारातूनच म्हणाला, "आणि कडेला हात हलका ठेव. किती वेळा सांगायचं?"