माझ्याखाली पोळपाट होता

मी गाडीतली रबरी मॅट बोलतेय. काळी, जाड, खाचाखाचांची. आधीच सांगून टाकते, मी अपराधी आहे. माझं कामच झाकायचं, आणि ते मी फार मन लावून केलं.

ज्योतीरामकाकांनी मला चिंचवडच्या एका दुकानातून आणलं, त्यांच्या पांढऱ्या फियाटसाठी. गाडी शहाऐंशी सालची. काका मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये सत्तावीस वर्षं कामाला होते. प्रेसखाली पत्रा सरकवायचा, की खाली गाडीचा तळ तयार. असे दिवसाला शेकडो. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या साहेबांची ही गाडी हौसेनं विकत घेतली.

गाडीवर त्यांचा फार जीव. दर रविवारी आणि खंडेनवमीला तर नक्कीच, ते गाडी आतूनसुद्धा धुवायचे, सरळ बादली ओतून. वरून मी अर्ध्या तासात वाळायचे. खाली मात्र पाणी आठवडाभर धरून ठेवायचे. पत्र्याला तांबूस पापुद्रे सुटत होते, ते मला जाणवत होतं. पण सगळे म्हणायचे, आतून कशी नव्यासारखी आहे, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी एकदा काकांनी मला उचललं. शेजारच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी, त्यांनी अंगठा दाबला तर पत्रा आत गेला. काकांचा चेहराच पडला. दुरुस्तीला न्यावं तर बबनरावांकडे, आणि बबनराव म्हणजे प्रेसशॉपमधले जुने जोडीदार. तळ बनवणाऱ्याच्याच गाडीला तळ नाही, हे सगळ्या शिफ्टला कळलं असतं. काका घरात गेले आणि स्वयंपाकघरातला पोळपाट घेऊन आले. त्याचे पाय काढून तो भोकावर ठेवला आणि वर मला अंथरलं.

"दिवाळीनंतर बघू," ते स्वतःशीच म्हणाले.

गिरजाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पोळपाट आठवडाभर शोधला. शेवटी "तूच नेला असशील" म्हणून लेकीशी, रुपालीशी, फोनवर भांडल्या. काका तेव्हा काच पुसत होते, ती जरा जास्तच वेळ पुसली. बघता बघता दोन दिवाळ्या गेल्या.

यंदा श्रावणात दोघं चिखलीहून आळंदीला निघाले. मोशीपाशी गतिरोधकावर गाडी आदळली. पत्रा तुटला, पोळपाट एका बाजूला कलंडला आणि काकूंचा पाय माझ्यासकट खाली गेला. पत्र्याच्या धारेनं घोटा चिरला. मी फाटले नाही, म्हणून पाऊल रस्त्याला लागलं नाही. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

आणि काकू काय म्हणाल्या? "माझंच वजन लई वाढलंय हो. तुमची एवढी चांगली गाडी मोडली म्या."

काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही, पण मला तोंड नाही, त्यांना होतं.

गाडी घराच्या खिडकीखालीच उभी असते. त्या दिवसापासून पानं वाढली की मला रोज काकूंचा आवाज ऐकू यायचा, "मला भात नको."

आठवड्यानं गाडी भोसरीला बबनरावांच्या वर्कशॉपमध्ये गेली. काकू पायाचं ड्रेसिंग करून तिथंच आल्या आणि स्टुलावर बसल्या. सीट निघाली. "मॅट मी काढतो," म्हणत काका पुढे झाले, पण बबनरावांनी तोवर मला ओढलं होतं. खालून कुबट पाणी सांडलं आणि पोळपाट उघडा पडला.

"भावा, हे काय रे? पोळपाट?"

काकूंनी तो हातात घेतला. कडेला तव्याचा चटका बसल्याचा जुना काळा डाग होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"तुमाला ठाऊक होतं?"

"दोन वर्सं झाली," काका म्हणाले. "जन्मभर तळच बनवले गं. आपलाच सडला, हे कुनाला सांगू?"

"मला सांगायचं. मी भात सोडला."

बबनराव उगाच पान्हा शोधायला आत गेले. काकूंनी रुपालीला फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. "तिला तुमीच सांगा," एवढंच म्हणाल्या. काकांनी सांगितलं.

मग ग्राइंडर त्यांनी स्वतःच हातात घेतला. कुजलेला पत्रा चांगला भाग लागेपर्यंत कापला. नवा पत्रा मापानं वाकवला, बबनरावांनी वेल्डिंग केलं, वरून खालून प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "गिरजे, यावर उभी राहा." काकू पट्टीच्या पायावर पूर्ण भार देऊन उभ्या राहिल्या. पत्रा जराही हलला नाही.

"आता ह्याच्यावर काही अंथरायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

म्हणून मी आता घराच्या दारात असते. तुमच्याही घरी, गाडीत माझ्यासारखी कुणी असेल. तिला अंथरा, पण मधूनमधून उचलूनही बघा. ती स्वतःहून काही सांगणार नाही.

काकू मला रोज सकाळी उचलून खाली बघतात. खाली कोरडी फरशी असते. तरी बघतात. त्या मला पुन्हा अंथरेपर्यंत काका हातात चपला घेऊन बाजूला उभे राहतात.